तीनशेचा ससा आणि चौदा हजारांच्या दाढा (नाशिक)

फुटाण्याची_आई | ९ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी फक्त वाचत असते, पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आमच्याकडे साडेतीन वर्षांचा ससा आहे, फुटाणा. लेकीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने तीनशे रुपयांना आणला. लायनहेड जातीचा म्हणून दिला. मानेभोवती आयाळ, तोंड बसकं. या बसक्या तोंडावर आम्ही सगळे भाळलो होतो. तेच पुढे महागात पडेल हे कुणाला ठाऊक!

मार्चपासून तो गाजर तोंडात घ्यायचा, दोनदा चावायचा आणि टाकून द्यायचा. कोथिंबीर मात्र खायचा, म्हणून आम्ही निवांत. मग हनुवटी ओली दिसायला लागली. उन्हाळा आहे, पाणी पिऊन आला असेल, असं मीच म्हटलं. लेंड्या हरभऱ्याएवढ्या असायच्या त्या मिरीएवढ्या झाल्या. शेवटी डावा डोळा सारखा पाझरायला लागला तेव्हा दवाखाना गाठला.

घराजवळच्या (इंदिरानगर) डॉक्टरांनी ओठ वर करून पुढचे दात बघितले. "दात छान आहेत" म्हणाले आणि भुकेचे ड्रॉप दिले. आठ दिवसांनी परत गेलो, परत तेच. तोवर वजन १.९ किलोवरून १.४८ वर आलं होतं. दुसरीकडे एक्स-रे काढला, तो एका ओळखीच्यांनी पुण्यात दाखवला. तिकडून फोन आला, "उद्याच घेऊन या."

सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत गेलो. चाकणला दीड तास अडकलो. मांडीवरच्या टोपलीत ससा आणि खिडकीला ओला टॉवेल. भूल दिल्यावर कळलं की खालच्या दाढांना दोन्हीकडून जिभेच्या दिशेने टोकं आली होती. डावीकडच्या टोकाने जिभेला भोक पडायचंच बाकी होतं. महिनाभर तो तोंडात सुया घेऊन कोथिंबीर खात होता.

आता हिशेब. इथल्या दोन फेऱ्या ८००, एक्स-रे १,४००, पुण्याची तपासणी १,०००, भूल आणि दाढा घासणं ६,५००, औषधं आणि भरवायची पावडर १,८५०, डिझेल-टोल ३,२००. एकूण १४,७५०. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात सोन्याचे दात बसवून आला असता."

डॉक्टरांनी सांगितलंय की दोन-तीन महिन्यांनी हे परत करावं लागेल, कदाचित जन्मभर. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. मी गुणाकार केला आणि वही मिटली.

नाशिकमध्ये कुणी यातून गेलंय का? खर्च कसा सांभाळता? आणि पुण्याला न जाता काही होतं का?

---

गंगाघाट | ९ जून, रात्री ११:५२

राग मानू नका, पण तीनशेच्या सशाला चौदा हजार? आमच्या लहानपणी पंचवटीत वाड्याच्या मागल्या अंगणात सात-आठ ससे होते. एकाला कधी डॉक्टरकडे नेल्याचं आठवत नाही. हल्ली सगळ्याचंच स्तोम झालंय.

---

कोथरूडची_कोथिंबीर | १० जून, सकाळी ७:१५

काका, मुलगी दवाखान्यात फुकटात जन्मली म्हणून पुढे तिच्या तापाला क्रोसिन आणायचं नाही का?

ताई, तुमच्या जागी मी होते दोन वर्षांपूर्वी. आमचं प्रकरण पुढच्या दातांचं. खालचे दात बाहेर, वरचे आत वळलेले, जन्मजात. दर तीन आठवड्यांनी कापायला न्यायचे. एका ठिकाणी नखं कापायच्या कटरने कटकन तोडायचे, मला वाटायचं असंच करतात. एक दिवस दात उभा चिरला, मुळापर्यंत. नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कटरने तोडू नयेत, फिरत्या बरने (दातांच्या ड्रिलने) घासायचे. शेवटी पुढचे सहाही दात काढून टाकले. ऐकायला भयंकर वाटतं, पण आमचा गोट्या आज ओठांनी पाला ओढून घेतो आणि दाढांनी चावतो. भाजी बारीक चिरून द्यावी लागते इतकंच. एकदाच मोठा खर्च झाला आणि दर तीन आठवड्यांचं शुक्लकाष्ठ संपलं.

पण हे पुढच्या दातांचं. दाढांचं असं होत नाही. त्या काढणं फार अवघड.

---

दंतकथा | १० जून, दुपारी २:०५

मी दातांचाच डॉक्टर, पण माणसांचा. नाशिकरोडला. लेकीने ससा पाळल्यावर उत्सुकतेने वाचत गेलो, आणि खरं सांगतो, माणसाच्या दातांपेक्षा हे प्रकरण भारी आहे.

सशाला २८ दात. सुळे नाहीतच. पुढे सहा, चार वर आणि दोन खाली. वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे दोन बारके खुंटीसारखे दात लपलेले असतात. उरलेल्या २२ दाढा, गालाच्या आत खोल. तोंड बोटभरच उघडतं, त्यामुळे ओठ वर करून २२ पैकी एकही दाढ दिसत नाही. "दात छान आहेत" हे तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं वाक्य पुढच्या सहांपुरतं खरं असणार. कानात बघायच्या दिव्याच्या नळीने थोडं दिसतं, पण पूर्ण बघायला भूलच लागते.

आणि हे सगळे दात जन्मभर वाढतात. पुढचे आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. म्हणजे झिजलेच नाहीत तर वर्षाला दहा सेंटिमीटर! निसर्गाने हिशेब असा बसवलाय की वाढ आणि झीज बरोबरीने चालावी.

आता मुख्य गोष्ट. जातं डोळ्यांसमोर आणा. सशाचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. गवत चावताना खालचा जबडा आडवा फिरतो, दळण दळल्यासारखा, आणि दाढा सपाट झिजतात. गाजर किंवा पेलेट (दुकानातलं दाणेदार खाद्य) चावताना तो नुसता वर-खाली होतो, उखळात कुटल्यासारखा. मग दाढेची एक कड झिजते आणि दुसरी तशीच वाढत राहते. खालच्या दाढांचं टोक जिभेकडे जातं, वरच्यांचं गालाकडे. फुटाण्याचं अगदी पुस्तकी प्रकरण आहे.

डोळा का पाझरत होता तेही सांगतो. वरच्या दातांची मुळं अश्रुनलिकेला अगदी लागून असतात. मूळ मागे सरकलं की नळी दाबली जाते. माणसाला डोळ्यातून पाणी येतं म्हणून कुणी दंतवैद्याकडे पाठवत नाही, सशाला पाठवायला हवं.

लाकडाचा ठोकळा चघळायला दिला की दात झिजतात असं दुकानदार सांगतात. पुढच्यांचं ठीक. दाढांना त्याचा उपयोग नाही.

---

फुटाण्याची_आई | १० जून, दुपारी ३:३०

_दंतकथा_, जात्याचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना पटकन कळलं, मला तीन महिने कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग त्याला जातं दिलं नाहीस, नुसतं उखळ दिलंस."

कबूल करते. साडेतीन वर्षं आम्ही त्याला सकाळी वाटीभर पेलेट, दुपारी गाजर-काकडी आणि रात्री कोथिंबीर देत आलो. वाळलेलं गवत म्हणजे पिंजऱ्यात अंथरायची वस्तू असं समजत होतो. आता ऑनलाइन टिमोथी गवत मागवलं, परदेशी. किलोला हजाराच्या आसपास पडलं. त्यात निम्मा भुगा.

---

मखमलाबादी | १० जून, रात्री ९:४०

ताई, हजार रुपये किलो गवत? आमच्या म्हशींना कळलं तर संप करतील.

द्राक्षवाला आहे मी. बांधावर मारवेल गवत आहे, गेल्या दिवाळीनंतर कापून सावलीत वाळवलेलं शेडमध्ये पडून आहे. हिरवट रंग टिकलाय, वासही गोड. आमच्या शेजारच्या पोराने दोन ससे ठेवलेत, ते हेच खातात. तुमच्या फुटाण्याला चालतंय का बघा. गोणीत चार-पाच किलो बसतं, दीडशे द्या.

पण एक नीट ऐका. शहरातली माणसं रविवारी फिरायला येतात आणि बागेच्या कडेचं हिरवंगार गवत उपटून नेतात सशाला. नेऊ नका. ऑक्टोबर छाटणी झाली की डाउनी, भुरी या रोगांसाठी आमचे फवारे चालूच असतात, बोर्डो काय, गंधक काय, आणि आंतरप्रवाही औषधं वेगळी. दोन ओळींमधलं गवत आम्ही आमच्या जनावरालाही टाकत नाही. माझा हा बांध बागेपासून लांब आहे, विहिरीकडचा.

गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) पूजेला विकतात त्या दुर्वा चालतात, पण कुठून आणल्या ते विचारा आणि धुऊन द्या. आणि पावसाळ्यात ओलं गवत गोणीत कोंबून ठेवू नका. दोन दिवसांत आतून तापतं, बुरशी येते. पांढरी भुकटी दिसली की सरळ उकिरड्यावर.

---

हिशेबनीस | ११ जून, सकाळी १०:१०

लसूणघास चालेल ना? तो तर सगळीकडे मिळतो.

---

मखमलाबादी | ११ जून, सकाळी १०:३५

आम्ही गाईंना घालतो, दूध वाढतं. सशाचं डॉक्टर लोकांना विचारा.

---

निवृत्त_खुराक | ११ जून, दुपारी ४:४५

पशुसंवर्धन खात्यात तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली. अनुभव गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. ससे बघितले ते मांसासाठी पाळलेले, न्यूझीलंड व्हाइट वगैरे. ते आठ-दहा वर्षं जगावेत अशी कुणाची अपेक्षाच नसायची, त्यामुळे त्यांच्या दाढा आम्ही बघितल्या नाहीत. घोड्याच्या दाढा मात्र कानशीने घासल्यात, तत्त्व तेच. तुमच्या पहिल्या डॉक्टरांवर फार रागावू नका. त्यांच्याकडे दिवसाला चाळीस कुत्री येत असतील आणि महिन्याला एक ससा.

लसूणघासात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त. सहा महिन्यांखालच्या पिलाला ठीक, मोठ्या सशाला रोज नको, लघवीत गाळ होतो. भाताचा पेंढा पोट भरेल, पण त्यात पोषण नाही. मारवेल चांगलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सशाला घरातलं अँटिबायोटिक देऊ नका. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटातलं काहीही तोंडावाटे गेलं तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, भलतेच वाढतात आणि जुलाबाने जनावर जातं. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिनचंही तेच. जाणकार डॉक्टर गळवासाठी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, तो भाग वेगळा. गोचिडांसाठी कुत्र्यांना मारतात तो फिप्रोनिलचा फवाराही सशाला विषारी.

---

सिडकोची_आत्या | १२ जून, रात्री १२:३०

वरचा प्रतिसाद वाचून झोप लागेना, म्हणून लिहिते.

माझ्याकडे मनी होती. नाव मांजरीचं, होती ससा. २०२१ मध्ये तिच्या जबड्याखाली गाठ आली. बाहेर सगळं बंद-चालू, कुणी बघायला तयार नाही. मेडिकलवाल्याने लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप दिलं. "ससा म्हणजे लहान मूलच की," असं म्हणाला आणि मलाही ते पटलं. गुलाबी रंगाचं, गोड. ती आवडीने चाटायची. चौथ्या दिवशी जुलाब, पाचव्या दिवशी गेली. बाटली मी आज कपाटातून काढून बघितली, नाव तेच.

मला कुणाकडून सांत्वन नकोय. फक्त हे वर राहू दे, कुणीतरी वाचेल.

---

निवृत्त_खुराक | १२ जून, सकाळी ६:५०

आत्या, त्या काळात डॉक्टरांकडूनही हे झालंय. जबड्याखालची गाठ बहुतेक दाताच्या मुळाचंच गळू. सशाचा पू पातळ नसतो, दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट असतो, वाहून जात नाही. नुसत्या औषधाने ते बरं होणं कठीणच होतं.

---

कोथरूडची_कोथिंबीर | १२ जून, सकाळी ९:००

ताई, नाशिकमधला डॉक्टर निवडायचाय ना? फोनवर चार प्रश्न विचारा. महिन्याला साधारण किती ससे बघता? भूल वायूची देता की फक्त इंजेक्शनची? दाढा कशाने घासता? आणि चौथा, खरा गुगली: आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का?

"हो, बारा तास उपाशी ठेवा" असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. सशाला उलटी होतच नाही, मग उपाशी ठेवायचं कशासाठी? उलट त्याचं आतडं सतत चालू राहिलं पाहिजे. बारा तास पोटात काही गेलं नाही आणि लेंड्या थांबल्या तर तीच इमर्जन्सी. भुलेच्या दिवशी डब्यात त्याची आवडती भाजी सोबत न्या, शुद्धीवर आल्यावर लगेच पुढ्यात ठेवायला.

---

फुटाण्याची_आई | १४ जून, रात्री १०:१५

सात ठिकाणी फोन केले. चार जण म्हणाले "ससे बघत नाही", हे मला प्रामाणिक वाटलं. दोघांनी उपाशी ठेवायला सांगितलं. सातव्या (गंगापूर रोडच्या बाजूला, नाव व्यक्तिगत निरोपात कळवते) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपाशी? छे, पिशवीभर कोथिंबीर घेऊन या." मला फोनवरच रडू आलं.

त्यांच्याकडे वायूची भूल आहे. पुण्याच्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलल्या, एक्स-रे मागवून घेतले. पुढची घासणी इथेच करू म्हणाल्या, काही गुंतागुंत दिसली तरच पुणे. अंदाज साडेतीन ते चार हजार.

---

हिशेबनीस | १५ जून, सकाळी ११:२०

बँकेत नोकरी केलेला माणूस आहे, गवतातलं कळत नाही. आकड्यांचं बघू.

दोन महिन्यांनी चार हजार, म्हणजे वर्षाला सहा वेळा, २४,००० रुपये. गवताने अंतर चार महिन्यांवर गेलं तर १२,०००. म्हणजे दीडशेची गोणी वर्षाला बारा हजार वाचवू शकते. कुठल्याच एफडीत हा परतावा नाही.

विम्याच्या भानगडीत पडू नका. मी भाच्यासाठी चौकशी केली होती. कुत्र्या-मांजरांच्या पॉलिसी दाखवल्या, सशाचं नाव काढल्यावर पलीकडचा माणूस हसला. त्यापेक्षा महिना दीड हजाराची आरडी फुटाण्याच्या नावाने काढा. म्हणजे तुमच्या नावाने, पण त्याच्यासाठी. दर वेळी घरखर्चातून काढलं की दर वेळी सासूबाईंचं वाक्य ऐकावं लागतं. वेगळ्या खात्यातून गेलं की कुणी बोलत नाही. हे मी स्वतःच्या गुडघ्यांच्या बाबतीत अनुभवलंय.

एक कटू गोष्टही बोलून ठेवतो. आजच, शांत डोक्याने, नवरा-बायकोने ठरवून ठेवा की कुठवर जायचं. मुळाला पू झाला, दर तीन आठवड्यांनी भूल द्यावी लागली, आणि मधल्या दिवसांतही जनावर खाईना, तर काय? दवाखान्याच्या बाकावर बसून हा निर्णय नीट होत नाही.

---

फुटाण्याची_आई | १६ जून, दुपारी १:०५

शेवटचं वाचून पोटात कालवलं. पण रात्री बोललो आम्ही. ठरलंय. इथे लिहीत नाही.

---

ओझरकर | १७ जून, सायंकाळी ६:३०

अवांतर: सशांचा धागा म्हणून विचारतो. शेतात नांगरट करताना सशाचं एवढंसं पिल्लू सापडलं. घरी आणलंय, पोरं दूध पाजताहेत. पाळता येईल का?

---

निवृत्त_खुराक | १७ जून, सायंकाळी ७:१०

नाही. तो रानससा, पाळीव सशाची जातच वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. सापडलं तिथेच बांधाच्या आडोशाला आत्ता नेऊन ठेवा. आई दिवसभर लांब राहते आणि अंधारात येऊन पाजून जाते, म्हणून पिल्लू टाकून दिल्यासारखं वाटतं. गाईचं दूध बंद करा. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

---

ओझरकर | १७ जून, रात्री ८:४०

ठेवून आलो. पोरं रुसली आहेत.

---

गंगाघाट | १९ जून, सकाळी ८:२०

धागा पूर्ण वाचला. चार दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय. आमच्या अंगणातले ससे दिवसभर गवत खायचे हे खरं. पण त्यातला एखादा महिन्या-दोन महिन्यांनी सकाळी मेलेला दिसायचा. आधी आठवडाभर कोपऱ्यात अंग फुगवून बसलेला असायचा, खायचा नाही, हनुवटी ओली. आजी म्हणायची, बोक्याला भ्याला. आम्ही गंगेकाठी पुरून यायचो आणि पुढल्या बुधवारच्या बाजारातून नवा आणायचो. म्हणून सात-आठ असायचे नेहमी.

ताई, आधीच्या प्रतिसादाबद्दल क्षमस्व. आरडीत माझे पाचशे धरा.

---

फुटाण्याची_आई | १९ जून, सकाळी ९:४५

काका, पाचशे नकोत. पण तुम्ही हे लिहिलंत ते मी लेकीला वाचून दाखवलं.

---

फुटाण्याची_आई | २४ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर काढतेय.

आज दुसरी घासणी झाली, इथेच, नाशिकमध्ये. अकरा आठवड्यांनी! ३,९०० रुपये. टोकं आली होती पण बारीक, जिभेला जखम नाही. वायूची भूल, पाऊण तासात शुद्धीवर, दीड तासाने कोथिंबीर. वेदनाशामक तीन दिवस. डोळा अजून अधूनमधून पाझरतो, ते मुळांचं आहे आणि तसंच राहणार म्हणाल्या.

मारवेल पहिले दहा दिवस त्याने तोंडाला लावलं नाही. गादी करून त्यावर मुतला. मग मी कात्रीने बोटभर तुकडे केले, थोडी वाळवलेली कोथिंबीर चुरून मिसळली, आणि पेलेट वाटीभरावरून दोन चमच्यांवर आणले, तेही हळूहळू तीन आठवड्यांत. गाजर आता फक्त रविवारी, नखाएवढं. मध्ये एक दिवस काहीच खाईना, तेव्हा पावडर कालवून दर तीन तासांनी १५ मिली सिरिंजने गालाच्या बाजूने भरवली. डॉक्टरांनी शिकवून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. म्हणजे घाबरले, पण हात थरथरला नाही.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते. आज १.७६. त्याखाली सलग तीन दिवस उतरलं की फोन करायचा, असं ठरलंय. सासूबाई लेंड्या बघतात. "आज हरभरे आहेत" किंवा "आज मसूर आहे" असा रिपोर्ट मला ऑफिसात येतो.

_मखमलाबादी_, गवत संपत आलंय.

---

मखमलाबादी | २४ ऑगस्ट, रात्री १०:०५

शेडमध्ये अजून सहा गोण्या कोरड्या आहेत, फळीवर ठेवल्यात. नवं आता दिवाळीनंतरच. रविवारी सकाळी सातला भाजी घेऊन येतोय, मखमलाबाद नाक्यावर थांबतो. ज्यांना हवंय त्यांनी इथे लिहा. आणि रिकाम्या गोण्या परत आणा हो, गोण्या काय झाडाला लागत नाहीत.

---

दंतकथा | २४ ऑगस्ट, रात्री १०:२०

एक गोणी माझी. नाशिकरोडहून येतो.

---

फुटाण्याची_आई | २४ ऑगस्ट, रात्री १०:२२

माझ्या दोन. मागच्या दोनपैकी एक परत आणते. दुसरी फुटाण्याने कुरतडली.